भागम्माचा व्हिसा

पवित्रा: ठिवा खाली. हात लावू नका म्हणायलीय ती बाई.

महेशकुमार: तुला कवापासनं फ्रेंच यायलंय?

पवित्रा: डोळे वटारलेले कुठल्याबी भाषेत कळतात. रेशीम हाय ते, खताचं पोतं न्हाई दाबून बगायला.

महेशकुमार: ह्यो राखी रंगाचा स्कार्फ घेऊ वैनीला. शोभतोय.

पवित्रा: राखीच कामून?

महेशकुमार: तिप्पण्णादादा जाऊन तीन वर्सं व्हायलीत. लाल नेऊ का?

पवित्रा: भावजी व्हते तवाबी अक्काला हिरवा आवडायचा. किती हाय?

महेशकुमार: पंचाण्णव युरो. साडेनऊ हजार. भालकीत एवढ्यात चांगलं इरकल लुगडं येतंय.

पवित्रा: मग ऱ्हाऊ द्या की. सकाळपासनं ह्या लिऑनमधी अत्तर बगितलाव, साबण बगितलाव, आता हे. लग्नाला अठरा वर्सं झाली माझ्या. अक्कासाठी तुमी कवा बांगडी आणलेली मी बगितली न्हाई. आजच एवढी माया कामून?

महेशकुमार: घरात मोठी हाय ती.

पवित्रा: मोठी तर अठरा वर्सं हायच.

महेशकुमार: चल भाईर. ती बाई बगायलीय आपल्याकडं.

पवित्रा: बगू दे. तिला थोडंच कळायलंय.

महेशकुमार: चल म्हणलं ना. पुलावर फोटो काढू. पाचला घोड्याच्या पुतळ्यापाशी बस लागणार हाय, तवर खामखा वाद नको… हां, हितं हुबी ऱ्हा. मागं नदी येऊ दे. हास.

पवित्रा: न्हाई हासत.

महेशकुमार: कंपनीनं खत खपवल्याबद्दल फुकटात फ्रान्स दाखवायलंय, आन् हिचं तोंड बगा.

पवित्रा: फुकटात न्हाई. अक्काच्या जागेवर बगायलाव तुमी.

महेशकुमार: तिचा व्हिसा आला न्हाई, त्याला मी काय करू?

पवित्रा: आलता.

महेशकुमार: कोण म्हणलं?

पवित्रा: गुरुपादय्या. हुमनाबादचे दुकानवाले. सकाळी नाष्ट्याला इचारायले, भागम्माची तब्येत कशी हाय आता? मी म्हणलं, तिला काय धाड भरलीय? तर म्हणले, सगळ्या दुकानदारांचे पासपोर्ट एकाच पाकिटात आलते, तिचाबी व्हिसा लागून आलता. पर तुमच्या मालकानं सांगितलं, वैनी आजारी हाय, तिच्या बदली मी येतो.

महेशकुमार: त्या गुरुपादय्याला दुसरं काम न्हाई.

पवित्रा: तुमीबी अर्ज घातलता तवाच कळायला पाहिजे व्हतं मला. राखीव म्हणून घालतो म्हणलाव. दोन तिकिटं व्हती, एक तिचं, एक माझं. दोघी जावा जाऊ म्हणून सहा महिने बोलायलती ती. कलबुर्गीला पासपोर्टला गेली तवा नवं लुगडं नेसून गेली. व्हिसा न्हाई म्हणल्यावर रडली सुदिक न्हाई. मलाच म्हणली, तू जा, मला फोटो धाड.

महेशकुमार: आन् तू आलीस की! चाळीस जणांचा आला, तिचाच कामून न्हाई, इचारलीस मला? शंका आलती तुला. बॅग भरायच्या नादात गिळलीस.

पवित्रा: व्हय. आलती.

महेशकुमार: मग? आता ऐक. परवा जेवणाच्या वक्ताला स्टेजवर बोलवून मला शाल घातली का न्हाई? ती असती तर तिला घातली असती. फोटो गेला असता भालकीभर. हळ्ळीखेडचा तिचा जावई टपूनच बसलाय. उद्या म्हणला असता, दुकान माझ्या सासूचं हाय, सरका.

पवित्रा: सासूचंच हाय. भावजी गेल्यावर लायसन तिच्या नावावर तुमीच केलाव.

महेशकुमार: तवा दुसरा विलाज नव्हता. आता हाय. नागनाथ वकील आज कागद घेऊन जायलाय घरी. तिनं दुकानातला तिचा हिस्सा सोडला म्हणून लिहिलंय. एक सही झाली की मिटलं.

पवित्रा: आज? आपण हितं असताना?

महेशकुमार: आपण हितं हाव म्हणूनच. दिरानं उरावर बसून सही घेतली असं कुणी म्हणायला नको.

पवित्रा: अय्यो शिवने! मंजे मलाबी त्याच्यासाठीच आणलाव. मी घरी असते तर तिनं कागद मला दाखवला असता.

महेशकुमार: हुशार हायस की. जरा उशिरा हायस, एवढंच.

पवित्रा: मी फोन लावते. सांगते, सही करू नका.

महेशकुमार: लाव. घे, माझ्या फोनवरनं लाव. आन् हेबी सांग, जावयाला गल्ल्यावर बसवा, माझा नवरा त्याच्या हाताखाली पोती उचलंल. पोरीला बंगळूरला शिकायला टाकायचंय म्हणायलतीस, ते पैसेबी त्यालाच माग.

पवित्रा: पोरीला मधी आणू नका.

महेशकुमार: मी न्हाई आणली. ती हायच मधी.

(पवित्राच्या फोनवर भागम्माचा व्हिडिओ कॉल येतो.)

भागम्मा: पवित्रा! शरणु. दिसायलीस ग बाई! मागं काय हाय ते, नदी?

पवित्रा: शरणु अक्का. व्हय, नदी.

भागम्मा: एवढी साफ? तिथल्या बाया धुणं धूत न्हाईत काय? महेशअप्पा कुठं हाय?

महेशकुमार: हितंच हाव वैनी.

भागम्मा: भाकर न्हाई मिळत वाटतं तिकडं, तोंडं सुकली दोघांची. बरं ऐक पवित्रा. नागनाथ आलाय कागद घेऊन. लायसन नवं करायचंय म्हणायलाय. सगळं इंग्लिशमधी हाय ग. कानडी असतं तर मी वाचले असते. म्हणलं थांब जरा, आमच्या पवित्राला इचारते.

पवित्रा: त्यांनी वाचून दाखवलं न्हाई?

भागम्मा: दाखवलं की. मला काय कळतंय त्यातलं? तू कर म्हणलीस तर करते. नको म्हणलीस तर चहा न पाजता घालवते ह्याला.

महेशकुमार: बोल की पवित्रा. वैनी थांबलीय.

भागम्मा: आवाज जाईना का ग माझा?

पवित्रा: यायलाय अक्का.

भागम्मा: मग करू?

पवित्रा: करा.

भागम्मा: तीन ठिकाणी हाय म्हणं. फोन धर रे नागनाथ… हितं… हितं… आन् हितं… झालं. जा आता. पवित्रा, हायस ना? एक सांग, हासू नको. व्हिसा आला असता तर बसमधी मी कुठं बसले असते ग?

पवित्रा: खिडकीपाशी, अक्का.