कमी मैलांचं कार्ड

विमान तिकिटांच्या एजंटाकडे रांगेत माझ्यापुढे एक नवरा-बायको होते. कामासाठी दर आठवड्याला विमानाने फिरणारा तो. दोन विमान कंपन्यांपैकी एकीचं, प्रवासाचे मैल खात्यात जमवणारं कार्ड त्याला घ्यायचं होतं.

"अगं, पहिल्या कंपनीचंच कार्ड घेतो. दर फेरीला भरपूर मैल जमतात."

"जमवून करायचं काय?"

"पुढचं तिकीट फुकट."

"म्हणजे फिरून दमल्याचं बक्षीस आणखी फिरणं?"

"शिवाय विमानतळावर थांबायला सोफे, गरम कॉफी."

"सोफा घरीही आहे. धूळ खातोय बिचारा. आणि दुसरी कंपनी?"

"तिचं विमान त्याच संध्याकाळी परत आणतं. पहिलीचं दुसऱ्या दिवशी. पण दुसरीकडे मैल निम्मेच."

"म्हणजे रात्री जेवायला घरी?"

"हो, पण मैल…"

"अहो, आपल्यातले मैल कमी झालेलेच बरे की!"

तो खिडकीशी वाकला.

"दुसरीचं कार्ड द्या. आणि उद्याच्या फेरीचं परतीचं तिकीट परवाऐवजी उद्या संध्याकाळचंच करून मिळेल का?"