दारावरच्या पाटीचं शून्य

हसू नका, पण गणितातली डॉक्टरेट असूनही मी घरच्या, लाकूड कोरणाऱ्या छोट्या सीएनसी मशीनला भितो. दारावरची पाटी कोरायची होती: डावीकडे ‘माधव’, उजवीकडे ‘शांता’. सागाची फळी एकच, बायकोच्या माहेरची, आसगावची. म्हणून कोरणाऱ्या बिटखाली कागद सरकवून उंचीचं शून्य, म्हणजे बिटचं टोक फळीला नेमकं कुठे टेकतं ते, पुन्हा पुन्हा तपासलं.

“कायले भिऊन राहिले जी? करा चालू!” शांता म्हणाली.

केलं. बिट फळीबाहेर हवेतच फिरू लागलं. चित्राचं शून्य, म्हणजे मोजणी सुरू होण्याचा बिंदू, मधोमध होतं आणि मी मशीनला त्या बिंदूसाठी फळीची डावी कड दाखवली होती. ‘माधव’ हवेत कोरला गेला. मग फळीच्या डाव्या अर्ध्यावर ‘शांता’ सुरेख उमटलं.

“फळी वाचली! उजवीकडच्या मोकळ्या जागेत माझं नाव कोरतो,” मी म्हणालो.

“राहू द्या जी. तिथं बेलचं बटन बसवू.”