विहिरीचं घड्याळ

—तर मी काय म्हणत होतो, आजचं हे मळभ. पहाटेपासून आभाळ असं खाली उतरलंय, जसं कुणी ओली गोधडी माडांच्या शेंड्यांवर वाळत टाकली — वारा न्हाय, झावळी हलत न्हाय, खाडीकडनं नुसता चिकट उकाडा येतोय, आणि सूर्य कुठं हाय ते त्याचं त्याला ठाऊक. म्हणजे आज टाइम बघायला सावली न्हाय. आणि नेमकी सावली न्हाय त्याच दिवशी मी हा फोन खुंटीवरून काढून तुझ्या दुकानात आणला. मग मला सांग निकेश, आत्ता ह्या घडीला आमच्या आळीत किती वाजलेत? — काहीच वाजले न्हायत. हसू नकोस. खरंच वाजले न्हायत. मी निघालो तर शेजारची ठमाबाई अंगणात तांदळाचं पातेलं घेऊन उभी. म्हणाली, ‘बाळाजी, तू टाइम घेऊन चाललास, आता मी भात कधी लावू?’ मी म्हटलं, बाई, भूक लागली की लाव. तर म्हणाली, ‘भूक मला सकाळपासूनच लागलीय.’

न्हाय न्हाय, फोन बिघडलेला न्हाय. बोलतो, ऐकतो, रुचिकाचं तोंड दिसतं त्याच्यात — रुचिका म्हणजे माझी नात, पनवेलला असते, तिनंच दिला. सगळं बरोबर हाय, फक्त अर्धा तास मागं चालतो. चालू दे की, मी म्हटलं असतं. मी तरी कुठं कुणाच्या पुढं चाललोय? पण गोष्ट माझी एकट्याची न्हाय ना. हा फोन म्हणजे — तुला कसं सांगू — हा फोन माझा कमी आणि विहिरीचा जास्त. हे विहिरीचं घड्याळ हाय.

बस, बस, गिऱ्हाईक न्हाय तोवर सांगतो. चौलला आमच्या सुपारीच्या वाडीला लागून विश्वंभर मास्तरांची वाडी. दोन वाड्या, विहीर एक. विहीर हाय त्यांच्या बांधात. पाणी मात्र दोघांचं. पूर्वी ह्याच्यावरून आमच्या आज्यांची डोकी फुटली, खरीखुरी, टाके घातलेली. मग पंच बसले आणि त्यांनी निकाल दिला, की विहीर एकाच्या हातात हाय तर घड्याळ दुसऱ्याच्या हातात द्या. म्हणजे कुणाचीच मिजास नको. म्हणून पाण्याचं घड्याळ आमच्या पडवीत, खुंटीला, विहिरीवरून दिसेल असं. सकाळी नऊपर्यंत आमची पाळी, नऊनंतर त्यांची. आणि नऊ म्हणजे आमच्या पडवीतले नऊ! रेडिओचे न्हाय, शाळेचे न्हाय, कलेक्टरचे पण न्हाय. ते जुनं भिंतीवरचं घड्याळ खाऱ्या हवेनं गेलं, काटे गळून आतल्या आत पडले. मग मी हा फोन प्लास्टिकच्या पिशवीत घालून त्याच खुंटीला टांगला. काळा पडला की येता-जाता कुणीतरी बोट लावतं, लागलीच टाइम दिसतो. ठमाबाई सगळ्यात जास्त लावते. तिचं बोट म्हणजे कोळंबी सोलल्यासारखं चालतं. तिनंच कधीतरी काहीतरी दाबलं असणार बघ.

आणि आळीला कळलंच न्हाय! पोरं सगळी मुंबईला, राहिलो आम्ही म्हातारी, आणि म्हातारी बघतात खुंटीकडं. ठमाबाई मालिका लावते तर ती निम्मी झालेली. ती म्हणते, हे मालिकावाले हल्ली घाईवर आलेत, सुरू व्हायच्या आधीच सुरू करतात. एसटी स्टँडवर जावं तर एसटी गेलेली. आळी म्हणते, ड्रायव्हर नवा हाय, त्याला घरी जायची ओढ असेल, नवीन लग्न झालं असेल. सगळ्यांनी मिळून त्या ड्रायव्हरचं लग्न लावून दिलं, पण फोनवर कुणी शंका घेतली न्हाय. घेणार कशी? पंचांचं घड्याळ ते.

काय? — काय म्हणतोस, कुठला टाइम? कराचीचा?

थांब, थांब. जरा बसू दे मला नीट. कराची म्हणजे ती तिकडची कराची? आत लिहिलंय तसं? मला वाचता येत न्हाय, तू सांगतोस म्हणून खरं. म्हणजे इतके दिवस माझी सुपारी कराचीच्या टाइमावर पाणी पितेय? आणि ठमाबाईचा भात? अरे देवा. माझा आजा गलबतावर होता, निकेश. आमच्या बंदरातून निघायचा, कराचीला माल उतरवायचा, आणि परत यायचा तेव्हा पोरं त्याला ओळखायची न्हायत. त्याला इतकं पाणी कापावं लागायचं, आणि म्हातारी जाते ती एका बोटानं, तांदूळ निवडता निवडता. — हे बघ, हे आपल्या दोघांत ठेव. आधीच सागरी पोलीस अनोळखी होडी दिसली की चार घरांत चौकशी करतात. त्यांना कळलं की बाळाजीच्या पडवीत कराचीचा टाइम टांगलाय, तर मला नेतील. आणि ठमाबाई? ती आपणहून जाऊन गाडीत बसेल. तिला जीपची हौस हाय.

हां, करायचं हाय बरोबर. करायचंच हाय. रविवारी रुचिकाचा साखरपुडा पनवेलला, मुहूर्त सकाळचा. माझा मुलगा फोनवर म्हणाला, ‘बाबा, तुमचा फोन अर्धा तास मागं हाय, बाजारात जाऊन आधी नीट करून घ्या.’ मागच्या खेपेला नातवाच्या, सुश्रुतच्या, बारशाला मी असाच उशिरा पोचलो होतो. पंगत उठलेली, बायका हात धुवून घुगऱ्या बांधून घेतायत, नाव ठेवून झालेलं. मी म्हटलं काय ठेवलं नाव? तर सगळे हसायला लागले, म्हणाले, पाळण्यातल्यालाच विचारा, आता बोलायला लागला असेल. तेव्हा हसलो मी पण. पण रुचिकाचं चुकवून चालायचं न्हाय. तिला मी न्हाऊ घातलंय, विहिरीच्याच पाण्यानं. तिच्या आजीला बघायला मिळालं न्हाय, निदान आज्यानं तरी वेळेवर — व्हय. म्हणून आलो.

पण एक विचारू? एकदम करू नकोस. — म्हणजे रोज थोडं थोडं असं न्हाय का होणार? रविवारपर्यंत हळूहळू? डॉक्टर कशी गोळी एकदम बंद करत न्हायत, अर्धी करतात, मग पाव करतात, तसं. कारण बघ, तू एका झटक्यात अर्धा तास पुढं ढकललास, तर तो अर्धा तास कुणाचा गेला? माझ्या पाळीतला की मास्तरांच्या? कुणाच्या तरी झाडांचा घोट गेलाच ना! उद्या त्यावरून परत डोकी फुटली तर पंच तुला बोलावतील, मला न्हाय. — उगाच हसतोस तू. तुझ्या दुकानात टाइम फुकट हाय म्हणून. आमच्याकडं टाइम म्हणजे पाणी.

मास्तरांना काय सोयरसुतक असं विचारतोस? तेच तर सांगतोय. मास्तरांच्या मनगटावर घड्याळ हाय, आणि ते बरोबर हाय. जन्मभर शाळेत घंटेच्या मागं उभे राहिले, उशिरा आलेल्या पोराला दारात अंगठे धरायला लावायचे. आणि आम्ही दोघं — आता लपवून काय करू — आम्ही दोघं बोलत नव्हतो. कैक वर्षं. एक माड हाय, बुंधा माझ्यात आणि डोकं त्यांच्यात. वाकडा वाढला, त्याला कोण काय करणार? नारळ त्यांच्यात पडायचे. त्यावरून एक शब्द त्यांनी काढला, दोन मी काढले, आणि सगळं बंद. आणि बंद पडलं तरी कुणाचं काही अडलं न्हाय बघ, हीच त्यातली वाईट गोष्ट. घड्याळ होतं ना! नऊ वाजले की मी मोटर बंद करून पाठ फिरवायचो, ते पाठीमागून येऊन त्यांची चालू करायचे. तोंड बघायची गरजच न्हाय. पंचांनी भांडण मिटवलं, पण इतकं पक्कं मिटवलं की बोलायला कारणच शिल्लक ठेवलं न्हाय.

मग हा फोन मागं पडला. मास्तर आपले मनगटावरचे नऊ वाजले तसे आले विहिरीवर, तर माझी मोटर चालू! त्यांनी मनगट बघितलं. खुंटीकडं बघितलं. मला वाटलं, आता काढतात चूक. तर ते छत्री टेकून पाठ करून उभे राहिले अर्धा तास. दुसऱ्या दिवशी परत तसंच. आता तूच सांग, शहाणा माणूस दुसऱ्या दिवशी अर्धा तास उशिरा येईल का न्हाय? हे आपले रोज मनगटावरच्या नवालाच हजर. एक दिवस खोकले. एक दिवस कठड्यावर बसले. आणि मग एक दिवस तोंड तिकडंच ठेवून म्हणाले, ‘बाळाजी, तुझ्या केळीला करपा पडलाय.’ — मी काय बोललो म्हणतोस? मला मोटरचा आवाज मोठा करून ठेवावासा वाटला. डोळ्यात पाणी आलं ते त्यांना ऐकू येईल असं वाटलं, असं कधी झालंय तुला? तू लहान हायस अजून.

आता बसतो आम्ही. रोज. काय बोलतो? काही न्हाय रे. दाढ दुखते का, बांगडा आला का, कोण गेलं. त्या वाकड्या माडाचा नारळ परवा धप्पकन पडला, दोघांच्या मधोमध. तुझा, न्हाय तुमचा, असं दोघं म्हणत बसलो, कुणी उचलेना, शेवटी मास्तरांच्या कुत्र्यानं येऊन त्यावर डोकं टेकलं आणि झोपलं. दुर्गावहिनी, म्हणजे मास्तरांच्या घरच्या, आधी विहिरीवर एकच कप पाठवायच्या. मग एक दिवस दोन आले. दुसरा माझा. आमची ही गेल्यापासून, निकेश, मला सकाळचा कुणी कप दिला नव्हता. मी स्वतः करून घेतो, घेतो म्हणजे काय, पितो आपला. पण दुसऱ्यानं दिलेला चहा निराळा असतो, त्याची बशी निराळी वाजते.

म्हणून विचारतो — दोन टाइम ठेवता येतील का ह्याच्यात? रुचिकासाठी बरोबर आणि विहिरीसाठी कराची? — ठेवता येतात? बाहेर दोन्ही दिसतात? — न्हाय, मग नको. दोन दिसले तर मास्तरांना बरोबर कुठलं ते बघावंच लागेल. माणसाला बघायला लावू नये. न बघता चाललंय तोवर चाललंय. आणि आज सकाळी मीच त्यांना सांगून बसलो, की फोन घेऊन बाजारात चाललोय, टाइम नीट करायला. खोटं कसं बोलणार, खुंटी रिकामी दिसणारच ना. तर कपातला चहा तसाच राहिला त्यांच्या हातात. मनगट चोळत बसले.

आपोआप म्हणजे? — हे एवढं दाबलं की कायमचं आपोआप? कुणी हात लावायला नको? वरून येतं? वरून म्हणजे, टॉवरवरून. बरं. आणि मग परत चुकणार न्हाय? ठमाबाईनं बोट लावलं तरी? — कधीच न्हाय? — मी विचारतोय आपलं. चांगलंच हाय की. चांगलंच हाय. थोडा थांबशील का, मी पाणी पितो जरा—

झालं? इतक्यात? मी तांब्या खाली ठेवला न्हाय अजून. दाखव. — ह्याच्यात आता नऊ होतील तेव्हा खरेच नऊ असतील. व्हय. रविवारची एसटी मिळणार. रुचिका हसणार न्हाय मला. चांगलं काम केलंस, हात साफ हाय तुझा. — काही न्हाय, काही न्हाय, उकडतंय नुसतं. ह्या मळभाला एकदा वारा सुटला पाहिजे.

अरे, हा वाजतोय! घड्याळच वाजतंय. बघ तर कुणाचा — मास्तरांचा? त्यांच्याकडं माझा नंबर हाय? मला ठाऊक नव्हतं. दे, हिरवं कुठलं, हे? — हां. हां, मास्तर, मीच. व्हय, निकेशकडंच बसलोय. — झालं. — व्हय, बरोबर झालं, अगदी तुमच्या घंटेसारखं. — न्हाय, आता परत न्हाय चुकायचं म्हणतो हा, टॉवरवरून येतं. — हां. — हां? — बरं. बरं, मास्तर.

घे, पिशवीत घालून दे मला. गाठ मार नीट. निघतो मी, खुंटी रिकामी हाय, विहिरीवर अजून वाजायचेत. — काय म्हणाले? म्हणाले, ‘तुझं बरोबर झालं ना, बाळाजी? मग झालं तर. माझ्या मनगटावरचं मी आत्ताच चुकवून ठेवलं आहे, अर्धा तास पुढे.’