न बघता घेतलेला गिअरबॉक्स

घटस्थापनेच्या आदल्या दिवशी, दुपारच्या वक्ताला, मी माझ्या फोनवरून आठ हजार रुपये पाठवले. तिथं कोन कोन हुतं ते पन सांगते, म्हंजे एकटीनं लपून केलं असं कोनी म्हनायला नको. ओट्यावर आमचे मालक बसल्याले, आत्याबाई म्हंजे माझी सासू शेंगा फोडीत हुती, आन जीपच्या खालून नुसते पाय बाहेर काढून रज्जाकभाई मिस्त्री झोपल्याले. तिघांच्या देखत पाठवले. तिघांनीबी नको म्हनलं हुतं.

माझं नाव कमल. माहेर इथलंच, पाथर्डी तालुक्यातलं, डोंगराकडचं. आईबाप कोयत्यावरचे, म्हंजे ऊसतोडीचे, दसरा झाला की मुकादमाच्या ट्रकात भांडीकुंडी टाकायची आन कारखान्यावर जायचं, मग शाळा कसली, तरी मी सातवीपर्यंत गेले, तुटक तुटक. हिशेब मात्र मला तवापासून येतो, कारन बापाला येत नव्हता. मुकादम बापाला उचल द्यायचा, ऊस दिसायच्या आधी, कोयता उचलायच्या आधी सगळी रक्कम हातात, आन एकदा ती घेतली की बाप बांधला गेला. काय सांगू तुम्हाला ताई, एका वर्षी त्याला ताप हुता, उभं ऱ्हाता येत नव्हतं, आई म्हनली या साली ऱ्हाऊ द्या, तर म्हनला उचल घेतलीय ना, मग कसं ऱ्हाऊ दे. गेला. आमच्याकडं ज्यानं पैसे घेतले तो मानूस बांधला, देनारा मोकळा. हे मला कोनी शिकवलं न्हाई, हे मी दुधाबरोबर प्याले म्हना. आन त्यातच मी फसले, ते पुढं येईल.

लग्न झालं तवा मालक कारखान्याच्या ऊसवाहतुकीवर ट्रॅक्टर चालवायचे, दोन ट्रॉल्या मागं, रात्रंदिवस, सहा सहा म्हैने घराचं तोंड न्हाई. अकरा सीझन काढले त्यांनी. घरी आले की झोपेतसुदिक पाय असा दाबायचे, ब्रेकवर असल्यागत. मग दोघांनी पै पै करून जुनी जीप घेतली, पाथर्डीच्या स्टँडवरून खेड्यापाड्याला शिटा वाहायची. त्या दिवशी ते म्हनले, कमल, आता मी दुसऱ्याच्या गाडीवर बसत न्हाई. मी त्यांना म्हनलं, बसू देनार न्हाई. हे लक्षात ठिवा, कारन सगळं याच्यासाठीच हुतं.

आता जीपचा धंदा असा की वर्षभर पोटापुरतं मिळतं आन नवरात्रात वर्षाचं मिळतं. मोहट्याच्या देवीला मानसं लोटतात, स्टँडवरून गडावर, गडावरून स्टँडवर, मालक जेवायलासुदिक खाली उतरत न्हाईत. त्या कमाईत गाडीचा विमा, पासिंग, टायर, सगळं निघतं. ते निघालं न्हाई तर मग ट्रॅक्टर, दुसरा रस्ता न्हाई.

आन नेमका भादव्याच्या शेवटाला तिसरा गिअर सुटायला लागला. टाकला की आपोआप मागं यायचा. रज्जाकभाईंनी खोलून बघितलं, म्हनले वहिनी, दाते खाल्लेत, याला आता काय करून उपेग न्हाई, दुसरा गिअरबॉक्स टाकावा लागंल. नवा न्हाई परवडत. नगरला जुन्या मालाच्या बाजारात माझ्या वळखीचा हाय, बावीस हजारापर्यंत देईल, पन मला दोन-तीन दुकानं हिंडावी लागतील, तीन-चार दिवस द्या. आन पैसे आधी द्यायचे न्हाईत, हजार रुपये इसार, गाडीला बसवायचा, चढाला चालवून बघायचा, गिअर टिकला तर बाकीचे. त्यांची ही रीतच.

मी मनात हिशेब मांडला. बावीस हजार, त्यातले रज्जाकभाईंचे किती? सगळे म्हनतात मिस्त्री लोकांचं दुकानदाराशी ठरल्यालं असतं. म्या धरले चार-पाच हजार. वीस वर्षं हा मानूस आमची गाडी बघतो, दिवाळीला माझ्या हातचा चिवडा खातो, ईदला आमच्याकडं शिरखुर्मा धाडतो, आन मी मनात त्याच्या नावावर पाच हजार मांडून मोकळी झाले. कोनाला बोलले न्हाई, पन तोंडावर दिसलंच असंल.

बचत गटाची सचिव हाय मी, फोनवरून पैसे घेनं-देनं मला येतं, मालकांना येत न्हाई. तर फोनवर जुन्या वस्तूंची जाहिरात असती तिथं शोधलं, आन गावला की गिअरबॉक्स, आमच्याच मॉडेलचा, सोळा हजार पाचशे. फोन लावला. गोड बोलायचा हो मानूस, शुद्ध मराठी, पुण्याकडचा गॅरेजवाला म्हनून सांगितलं. म्हणाला, ताई, माल एक नंबर आहे, आज पैसे टाका, उद्या ट्रान्सपोर्टला टाकतो, परवा तुमच्या नगरला. मी म्हनलं व्हिडिओ पाठवा, त्यानं पाठवला, हातानं गिअर फिरवून दाखवला. मी म्हनलं तुमची वळख काय, त्यानं आधार कार्डाचा फोटो पाठवला. मी म्हनलं माल आल्यावर पैसे देते, तर म्हणाला, ताई, साठ-सत्तर किलोची वस्तू, तुम्ही नाही घेतली तर परत आणायचं भाडं कोण देणार? निम्मे आधी द्या, निम्मे ट्रान्सपोर्टची पावती बघून द्या. बिल्टी म्हनतात त्या पावतीला. मला ते बरोबर वाटलं. बोलन्यात न्याय हुता.

मालक म्हनले, ऱ्हाऊ दे ना कमल, रज्जाकभाई आनतील बघून. मी म्हनलं, तीन-चार दिवसांनी आनतील, तवर निम्मं नवरात्र गेलं. आन पाच हजार पाचशे जास्तीचे कोन देनार? जीपच्या खालून रज्जाकभाई म्हनले, वहिनी, मोबाईलवर गिअर टाकून बघता येतो का हो? मालक हसले. मला राग आला. आत्याबाई म्हनली, त्याचं तोंड तरी बघितलं का तू? मी म्हनलं, आत्याबाई, आधार कार्डावर बघितलं. ती म्हनली, मग त्या कार्डालाच दे पैसे.

आन मी काय म्हनले ठावं हाय? मी म्हनले, पैसे घेतले की बांधला जातोय तो, जातो कुठं. आन पाठवले. विम्यासाठी बाजूला काढून ठिवल्याले हुते त्यातलेच, नवरात्राच्या कमाईत परत भरायचे म्हनून.

दुसऱ्या दिवशी बिल्टीचा फोटो आला. शिक्का, नंबर, माझं नाव, पाथर्डी, समदं. मी उरल्याले साडेआठ हजार पाठवले. इकडं रज्जाकभाईंनी जुना गिअरबॉक्स काढून ठिवला, म्हनले येईल तवा येईल, गाडी मोकळी असल्याली बरी. गाडी दारात ठोकळ्यावर, पोटातलं काढल्यालं, आन समोरून लोकांच्या जीपा भरभरून गडाकडं.

तिसरा दिवस गेला, माल न्हाई. फोन केला तर म्हणाला, ताई, गाडी वाटेत बिघडली. पुढच्या दिवशी म्हणाला, विम्याचे तीन हजार भरायचेत, ते परत मिळतील. मी म्हनलं ते ठरल्यात नव्हते, मी देनार न्हाई. तर लगीच म्हणाला, बरोबर आहे ताई, तुमचा विश्वास नाही ना, मग सगळे पैसे परत घ्या, हा स्कॅनर पाठवतो, त्याच्यावर स्कॅन करा, खात्यात येतील. स्कॅन केलं, आकडा आला सोळा हजार पाचशे, आन खाली पिन मागितला. तिथं माझा हात थांबला. गटात मी बायांना हेच सांगते की पैसे घ्यायला पिन लागत न्हाई, पिन फक्त द्यायला लागतो. दुसऱ्यांना सांगितल्यालं तवा माझ्या कामाला आलं. तेवढं वाचलं. पन ताई, एवढं कळून पन मी त्याचीच बाजू घेत बसले. मालक म्हनले फसलो आपन. मी म्हनले, न्हाई हो, काही अडचन असंल, घेतल्यात त्यानं, देईल. पोलिसात चला म्हनले तर मी म्हनले उद्या. उद्याचं परवा झालं. मग त्याचा फोनच लागंना.

नगरला ट्रान्सपोर्टच्या हापिसात गेलो. कारकुनानं फोटो बघितला न बघितला, म्हनला हा नंबर आमचा न्हाई, हीच बिल्टी घेऊन आनखी दोघं येऊन गेले. तिथून पोलिसात. तिथले साहेब चांगले हुते, खुर्ची दिली, पानी दिलं. सगळं लिहून घेतलं आन विचारलं, पैसे कधी पाठवले? मी सांगितलं. म्हणाले, मावशी, कळल्याबरोबर हेल्पलाइनला फोन केला असता तर रक्कम बँकेत अडवता आली असती, आता ती चार खात्यांतून पुढं गेली. तक्रार घेतो, पण आशा धरू नका. येताना येष्टीत मालक खिडकीकडं तोंड करून बसले. ते बोलले असते तर मला बरं वाटलं असतं.

घरी रज्जाकभाईंना तो व्हिडिओ दाखवला. त्यांनी गिअरबॉक्सकडं बघितलंच न्हाई, मागची भिंत बघितली. म्हनले, वहिनी, ही दुकानाची पाटी मराठीत हाय का? मी बघितलं, ना मराठी, ना हिंदी, कुठलीतरी लांबची लिपी. दहा वेळा बघितल्याला व्हिडिओ, पन मी गिअरकडंच बघत हुते.

दसरा झाला, गडावरची गर्दी उतरली. एक शीट न्हाई वाहिलं आमी त्या नवरात्रात. मग मालक एका ट्रॅक्टरवाल्याकडं जाऊन आले. मला न विचारता. ओट्यावर चाळीस हजार ठिवले, म्हनले, उचल घेतली, दिवाळीच्या पाडव्याला निघायचं. मी म्हनलं, जीपचं काय? म्हनले, जीप दुरुस्त कर, पासिंग कर, उन्हाळ्यात मी येईल तवा तयार पायजे. आन तुझ्या शिकवनीप्रमानं, घेतलीय म्हंजे जानं आलं. रागानं न्हाई म्हनले ते. रागानं म्हनायला पायजे हुतं.

मग आमी तिघं नगरला गेलो, मालक, मी आन रज्जाकभाई. जुन्या मालाचा तो बाजार मी पयल्यांदा बघितला. रज्जाकभाईंनी झाकन उघडायला लावलं, बोटानं आतलं तेल काढून उन्हात धरलं, त्यात लोखंडाचा कीस चमकतोय का बघितलं, दाते एक एक चाचपले. दोन सोडून दिले, तिसरा घेतला. एकवीस हजाराला सौदा ठरला. हजार इसार, त्याची दुकानाच्या शिक्क्याची पावती, वर गाडीचं मॉडेल आन परत घ्यायचा बोल लिहून. टेम्पोत घालून आनला, बसवला, मोहट्याच्या चढाला नेऊन आनला, तिसरा गिअर जागचा हालला न्हाई. तवा मग परत नगरला जाऊन, दुकानात त्याच्या समोर उभं राहून, त्याच्या भिंतीवरचा स्कॅनर स्कॅन केला, पडद्यावर आल्यालं नाव मी मोठ्यानं वाचलं, हेच का म्हनून विचारलं, तो व्हय म्हनला, मग पिन टाकला. पैसे आल्याचा आवाज त्याच्या फोनवर झाला, मग पाय बाहेर काढला. आता कोनीबी विचारलं तर मी हेच सांगते. वस्तू आधी, पैसे मागून, आन समोरासमोर. लांबचा मानूस घाई करायला लागला की समजायचं.

येताना मला ऱ्हावलं न्हाई. विचारलं, रज्जाकभाई, या दुकानदाराकडून तुमाला काय मिळतं? ते पुढं बसल्याले, मागं वळले न्हाईत. म्हनले, पाचशे रुपये, वहिनी. दर गिअरबॉक्सला पाचशे. भाऊंना ठावं हाय, पयल्यापासून. मालकांनी मान हालवली. मलाच ठावं नव्हतं, कारन म्या कधी विचारलं न्हाई, मनात मांडून मोकळी झाले हुते.

मालक गेले. आता कुठंतरी कारखान्याच्या यार्डात लाईनीत असतील, फोन लागला की म्हनतात सगळं ठीक हाय. जीप दारात हाय, चालू हाय, रोज सकाळी मी चावी फिरवून दोन मिन्टं ठिवते, बॅटरी उतरू नये म्हनून. चालवायला घरात कोनी न्हाई. देवी त्यांचे हातपाय सांभाळो, दुसरं आता मागनं न्हाई.

तर एकवीस हजार दुकानदाराला दिले. सोळा हजार पाचशे विम्याच्या जागेवर परत ठिवले. अडीच हजार रज्जाकभाईंची मजुरी, रोख, त्यांच्या हातात. चाळीस हजार तिथं संपले. वीस वर्षांत आमच्या घरचे पैसे त्यांनी कधी मोजले नव्हते, तसेच खिशात घालायचे. त्या दिवशी मोजले. नोटा एक एक करून, माझ्यासमोर. म्हनले, बरोबर हायेत वहिनी, आन गेले.