बारदान वजा जाता हवा

विश्वास ठेवायचा तरी कोणावर, तुम्हीच सांगा. काट्यावर ठेवू म्हणता? काटा आमचा धंदा आहे हो, लातूरच्या मोंढ्यात आडत करता करता केस पांढरे झाले. पोतं काट्यावर चढवायचं, त्यातून रिकाम्या पोत्याचं म्हणजे बारदानाचं वजन वजा करायचं, उरेल तो माल. शाळा नाही शिकलो, एवढंच शिकलो, म्हणून जी ती गोष्ट ऐकली की मी विचारतो, बारदान वजा जाता उरलं काय? आणि हापिसावर विश्वास ठेवू म्हणत असाल तर थांबा, माझ्या शेजारचा आडत्या गुरुपादप्पा काय भोगून बसला ते ऐका, मग ठेवा.

तुम्हाला सांगतो, लातूर जिल्हा नुकताच झालेला आणि पाऊस त्या साली दगा देऊन गेलेला. जिल्हा नवा, हापिसं नवी, पण साहेबांनी बसायचं कुठं? कोणी शाळेत बसलं, कोणी लॉजवर, आणि हे हवेचं मंडळ आलं ते थेट गुरुपादप्पाच्या गोदामात भाड्यानं, एका अंगाला तुरीची पोती, एका अंगाला साहेब. एक दिवस त्या गोदामातूनच पत्र निघालं, की जिल्ह्याची हवा तपासायची आहे, मंडळावर 'समाजाचा एक प्रतिनिधी' घ्यायचा आहे.

आता समाज म्हटलं की आपल्याकडं काय समजतात? जात, दुसरं काय. दुपारपर्यंत आमच्या समाजाची मठात बैठक भरली, पंचाक्षरी मास्तर उठून म्हणाले, "आज हवेतली सीट गेली तर उद्या पाण्यात बी मिळणार न्हाई, सांगून ठेवतो." तिकडं बाकीच्या समाजांच्याही बैठका झालेल्या, आणि संध्याकाळी बघतो तर गोदामापुढं सात समाजांचे सात प्रतिनिधी, सातांच्या गळ्यात हार, आणि सातांना एकच धास्ती की दुसऱ्या समाजाची हवा आपल्या नाकात गेली तर काय घ्या... साहेबानं कपाळाला हात लावला. "अहो, समाज म्हणजे जनता हो, जनता."

"मग जनताच लिहायचं की साहेब, हाराचा खर्च तरी वाचला असता," सातांतला एक म्हणाला.

शेवटी साहेबानं गोदामाच्या मालकालाच, गुरुपादप्पाला घेतलं. बारदान वजा जाता उरलं काय? गोदाम.

गुरुपादप्पा तसा भित्रा माणूस, दारात कुत्रं आलं तरी त्याला "सरका जरा" म्हणणारा. पण पहिल्या बैठकीत त्याला पेटी दाखवली तेव्हा मात्र त्याचा चेहरा फुलला. साहेब म्हणाले, "ही पेटी रात्रंदिवस हवा ओढते. आत पांढरा कागद असतो. आधी नुसत्या कागदाचं वजन घ्यायचं, मग धुळीसकट घ्यायचं."

"म्हंजे कागद बारदान."

"तसं समजा."

"आन धूळ माल." गुरुपादप्पाला वाटलं, सरकार आपल्याच धंद्यात आलं.

पण माल निघणार कुणाच्या घरचा? तिथंच तर घोडं अडलं. गुरुपादप्पाच्या घरामागं डाळ मिल, आणि मिल कोणाची, तर त्याचे व्याही नागप्पा यांची. लेक मल्लम्मा त्याच घरात दिलेली. पहाटे मिल सुरू झाली की तुरीचं भुस्कट ह्यांच्या अंगणात, आणि गुरुपादप्पाची बायको नीलाबाई खोकायला लागायची ती मिल बंद होईस्तोवर. कागद काळा निघाला तर मिलला टाळं, म्हणजे लेकीला सासरी टोमणे. कागद पांढरा निघाला तर बायकोचा खोकला चालूच. मधे गुरुपादप्पा, सुपारी अडकित्त्यात असते तसा.

त्यात संध्याकाळी नागप्पा स्वतः चहाला आले. "पावणं, पेटी कुठं ठेवायची ते तुमच्या हातात हाय. डाक बंगला लई झकास जागा, झाडी हाय. बाकी आमच्याकडं ठीक हाय, तुमची लेक सुखात हाय." बस, एवढंच बोलले. आता ही धमकी म्हणावी, तर चहा मात्र गोड मानून प्याले.

मग काय? बैठकीत डाक बंगल्याचं नाव निघालं, आणि सगळ्यात आधी ह्याचाच हात वर.

कागद निघाला पांढरा शुभ्र. लातूरची हवा उत्तम. का नाही निघणार? गावातले नळ पाण्याची चव विसरले होते, पण डाक बंगल्यावर सकाळ-संध्याकाळ टँकर यायचा आणि पेटीभोवती सडा घालून जायचा, धूळ उडू नये म्हणून. तुम्हाला सांगतो, आमच्या अंगणातल्या तुळशीला मिळत नव्हतं ते पाणी पेटीला मिळत होतं.

नीलाबाईनं विचारलं, "हवा उत्तम निघाली म्हणं?"

"हाव."

"मग ह्यो खोकला काय मी माहेरातून आणला?"

गुरुपादप्पा बोलायला नको ते बोलून बसला, टँकरचं सांगून टाकलं. दुसऱ्या दिवशी नीलाबाई घागर घेऊन डाक बंगल्यावर. तिसऱ्या दिवशी आख्खी गल्ली. घागरी, हंडे, पोरं, शेरडं, टँकरची वाट बघता बघता कोणी तीन दगड मांडून चहा ठेवलेला, भांडणं, धुरळा... आणि पेटी बिचारी रात्रंदिवस ओढून राहिली. कागद काढला तर तव्याचं बूड.

गुरुपादप्पा घाबरून घरी आला, की आता व्याही काय म्हणतील, लेकीचं काय होईल. ओसरीवर टेकला तर आतून खोकला आला. नीलाबाईचा. त्याला उत्तर द्यावं तसा दुसरा खोकला आला. हा कोणाचा? आत जाऊन बघतो तर सासरहून आलेली मल्लम्मा.

"तुला कवापासनं, बाई?"

"लगीन झाल्यापासनं, अप्पा. मशीन आमच्या चुलीमागंच हाय की. तुमी पेटी बंगल्यावर नेली म्हणून मामंजी पेढे वाटून राहिले."

म्हणजे बघा, जिला वाचवायला ह्यानं हात वर केला ती तर भट्टीतच बसलेली. बारदान वजा जाता उरलं काय? दोन खोकले.

पुढच्या बैठकीत साहेब म्हणाले, "हा कागद धरता येत नाही. पेटीजवळ माणसं आली म्हणून हवा बिघडली. माणसं वजा करून अहवाल लिहू." सगळ्यांनी माना हलवल्या. गुरुपादप्पा उठला. टेबल धरून साहेबाकडं तोंड केलं.

"साहेब, माणसं बारदान न्हाईत. माणसं माल हाय. पेटी माझ्या दारात ठेवा."

एवढं बोलून जो बसला, तो पाणी मागायला लागला. पाणी कुठलं असणार हापिसात.

आणि मग काय झालं? पत्र आलं. मिलवाले आपले व्याही असल्यानं आपणांस हवेवर मत देता येत नाही, सबब समाजाचा प्रतिनिधी बदलण्यात येत आहे. मिलच्या बाजूनं हात वर केला तेव्हा व्याही नव्हते का हो ते?

आता नागप्पा चहाला येत नाहीत. मल्लम्मा हवापालट म्हणून माहेरी आली आहे, आणि माहेर मिलला लागूनच. पेटी डाक बंगल्यावरच आहे, भोवती तारेचं कुंपण आहे. टँकर आला की आधी पेटीला सडा, मग तळाला उरेल ते बायांना. त्यातून नीलाबाईला घागरभर पाणी मिळतं, आणि ती घागर घरी येईस्तोवर ती चार ठिकाणी खोकायला थांबते. कागद पुन्हा पांढरा निघतोय.

तर बाबांनो, एवढीच विनंती. तुमच्या गावात अशी पेटी आलीच, तर हिसाब खरा ठेवा. कागद वजा करा, पोतं वजा करा, साहेबाला वजा करायचं तर तेही करा... माणूस तेवढा धरून ठेवा.