डेपोच्या फाटकाला आतून कुलूप

मी सुमेधा हितेंद्र गमरे, वय ४१, धंदा दवाखान्यात नोकरी, राहणार लष्करी डेपोची नागरी वसाहत, रे रोड, मुंबई. पोलीस ठाण्यात स्वतः हजर राहून सांगते की,

आज सकाळपासून डेपोच्या फाटकाला आतून कुलूप आहे. ते आपणच लावल्याचे नव्या सुरक्षा कंपनीचे सुपरवायझर अभय यांनी मला व हवालदारांना सांगितले आहे. आतल्या माणसाला बाहेर सोडतात, बाहेरच्याला आत घेत नाहीत.

डेपो गेल्या वर्षी बंद झाला. तिथे ऑफिसांच्या इमारती होणार आहेत. माझे सासरे रामजी गमरे, वय ७८, या डेपोत मजूर होते. वसाहतीत आता आमचेच घर उरले आहे. घरे रिकामी करण्याविरुद्ध आमची केस कोर्टात आहे. निकाल लागेपर्यंत जे राहत आहेत त्यांना काढू नये, असे कोर्टाने सांगितले आहे. म्हणून आम्ही खोली कधीच रिकामी ठेवत नाही. माझे पती हितेंद्र त्यासाठी कामावर जात नाहीत.

काल सासरे मोरीत घसरून पडले. त्यांना पाय टेकवता येत नाही. आज मी दुखण्याच्या गोळ्या आणायला बाहेर पडले. परत आले तेव्हा कुलूप होते. अभय म्हणाले, "मॅडम, एक्झिट चालू, एंट्री बंद." गोळ्यांची पिशवी मी फाटकावरून फेकली, ती पतींनी झेलली.

मी फोनवर सासऱ्यांना म्हटले, "बाबा, हट्ट सोडा, ॲम्ब्युलन्स बोलावते." ते म्हणाले, "मला गाडीत घालशील गं, खोलीला कशात घालशील?" नंतर त्यांनी फोन पतींकडे दिला. मागून त्यांचे कण्हणे ऐकू येत होते.

जबाब घेताना हवालदारांनी विचारले, "ताई, आज तुम्ही बाहेर आहात, मग राहणार कुठे लिहू?" मी म्हटले, तिथेच. त्यांनी "पूर्वी राहणार" लिहिले होते. माझ्या सांगण्यावरून "पूर्वी" हा शब्द खोडला आहे. मी औषधासाठी बाहेर आले, घर सोडलेले नाही, याची नोंद व्हावी.

उद्या सकाळी पोलिसांसोबत ॲम्ब्युलन्स फाटकावर येईल, असे ठाण्याच्या साहेबांनी सांगितले आहे. सासरे तीत बसतील की नाही, मला सांगता येत नाही. बसले तर त्यांच्यासोबत हॉस्पिटलात मी जाईन. पती आत एकटे थांबतील. निकाल लागेपर्यंत त्यांना बाहेर येता येणार नाही.

वरील मजकूर मला मराठीत वाचून दाखवला. मी बोलले तसाच आहे, म्हणून सही करते.