पायावर कोण बसायचं

रत्नम्मा : रेवणच्या कार्डाला जबाब गेला न्हाई अजून. दिवाळीच्या आदी आलंय ते.

ईश्वरप्पा : लिहिला होता. दोनदा.

रत्नम्मा : मग?

ईश्वरप्पा : एक फाडला.

रत्नम्मा : आणि दुसरा?

ईश्वरप्पा : तू भाकरी थापत होतीस, तेव्हा चुलीत सरकवला.

रत्नम्मा : माज्याच चुलीत! पोरगं इचारतंय, अप्पा, ब्रेक मारला की मोटर डावीकडं ओढतीया, काय करू. तुमी सोलापूर-मंद्रूप मोटर चालवून केस पांढरे केलेसा. एवढं सांगता येईना?

ईश्वरप्पा : माझ्या मोटरला मागच्या दोनच चाकांना ब्रेक होते. त्याच्या मोटरला चारी चाकांना आहेत. पुढच्या चाकांचं मला काय कळतं? मी चुकीचं लिहीन आणि तो डोळे झाकून तसंच करील. मला उस्ताद समजतो तो.

रत्नम्मा : आणि न्हाईच लिवलं तर? पुनवेला कमळाभवानीची यात्रा. मोटर भरून माणसं नेणार त्यो. करमाळ्याच्या त्या गर्दीत मोटर डावीकडं घुसली म्हंजे?

ईश्वरप्पा : म्हणून तर लिहायला हात उचलत नाही. मोटर बार्शीला मिस्त्रीकडे ने, एवढंच लिहावं म्हणतो.

रत्नम्मा : बार्शीपातुर त्याच ब्रेकवर जाणार व्हय?

ईश्वरप्पा : ...तेही खरंच. सीना नदीचा उतार आठवतो तुला?

रत्नम्मा : इसरंन कशी? मोटर सरळ ज्वारीत! बाजाराला निघालेल्या निंगव्वाच्या पाटीतल्या कोंबड्या साऱ्या रानात. बसलेल्या मंडळींनी आदी पोटभर हुरडा खाल्ला, मग ढकलाय आली.

ईश्वरप्पा : हसतेस काय? तेव्हाही अशीच डावीकडे ओढत होती. मी आपला ब्रेकचा उजवा नट आवळत सुटलो. उजव्या चाकाच्या ब्रेकच्या पट्ट्याला तेल लागलं होतं, ते चाक उघडून बघितलंच नाही. तेल लागलेला पट्टा कितीही आवळा, धरत नाही.

रत्नम्मा : मग हेच लिवा की.

ईश्वरप्पा : ते दोन चाकांचं झालं.

रत्नम्मा : चार चाकांना ब्रेक असले, तर दाबायला पाय किती लागतात?

ईश्वरप्पा : पाय एकच.

रत्नम्मा : मग अडलंय कुटं? तुमी दोन चाकं बगायचासा, त्यानं चार बगायची. तुमी खाली मोटरच्या पोटात आणि मी वर ब्रेकच्या पायावर. दाब म्हणलं की दाबायचं, सोड म्हणलं की सोडायचं. गिरणीचा भोंगा झाला तरी आपलं चालूच. शेजारची काशम्मा दारातनं वरडायची, रत्नम्मा निगाली गं इजापूरला!

ईश्वरप्पा : आणि तो वास. गिरणीतल्या जुन्या पट्ट्याचा तुकडा ब्रेकला बसवायचो आपण. उतार संपला की जळक्या केसांसारखा वास यायचा. लोक नाक धरायचे. मला बरा वाटायचा.

रत्नम्मा : माज्या लुगड्याला यायचा त्यो.

ईश्वरप्पा : एक सांगू? मिस्त्री पायावर बसला की मला चाकाचा अंदाजच लागायचा नाही. कधी जोरात दाबायचा, कधी ढिला. तुझा पाय एकसारखा असायचा. उजवं चाक फिरवलं, डावं फिरवलं, हाताला लगेच कळायचं कुठलं हलकं जातंय.

रत्नम्मा : हे मला आजवर कदी बोलला न्हाईसा.

ईश्वरप्पा : कामात राहून गेलं. ...पण रेवणला पायावर कोण?

रत्नम्मा : सून हाय की. हेमावती काय नुसती बसूनच हाय?

ईश्वरप्पा : ती बसेल मोटरमध्ये? लोक हसतील तिला.

रत्नम्मा : हसूं देत. मी मेले का हसण्यानं? घ्या ती दौत. आणि मोठ्यानं म्हणत लिवा, म्हंजे चुलीत जायचं न्हाई.

ईश्वरप्पा : बरं. चिरंजीव रेवणसिद्ध यास अनेक आशीर्वाद. नट आवळू नकोस. आधी उजवीकडची दोन्ही चाकं काढून बघ, पट्ट्याला तेल किंवा वंगण लागलं आहे का. लागलं असेल तर पट्टा बदल, आणि तेल कुठून येतं ते शोधून बंद कर. मग चारी चाकं जमिनीवरून उचल. हेमावतीला पायावर बसव. तिनं एकसारखं दाबून धरावं, तू एकेक चाक हातानं फिरवून बघ. डावं-उजवं सारखंच जड गेलं पाहिजे. यात्रेआधी रिकामी मोटर माळावर नेऊन दोन-चारदा ब्रेक मार. तरी ओढली तर माणसं भरू नकोस, भाडं गेलं तरी चालेल. पुढच्या चाकांविषयी मला अनुभव नाही...

रत्नम्मा : हे कशाला?

ईश्वरप्पा : खरं आहे म्हणून.

रत्नम्मा : ऱ्हाऊं द्या मग. आणि लिवा, ह्या कामाला दोघं लागतात. एकट्यानं करू नगंस.

(पोस्टाच्या लाल पेटीपाशी.)

ईश्वरप्पा : पुन्हा एकदा वाचू?

रत्नम्मा : वाटंत दोनदा वाचलासा. टपालवाला येऊन हुबा हाय बगा, थैली घेऊन. टाका.

ईश्वरप्पा : ...टाकलं.

रत्नम्मा : चला आता.

ईश्वरप्पा : रत्नम्मा, एवढा वेळ दाबून धरताना तुझा पाय दुखायचा का गं?

रत्नम्मा : दुखायचा की. तुमी सोड म्हणायची वाट बगायची मी.